व्हीपीएन घ्यायच्या आधी मी काय काय तपासतो

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की तीन व्हीपीएन (तुमचं नेट एन्क्रिप्ट करून, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असं करून, स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवणाऱ्या सर्व्हिस) शॉर्टलिस्ट केलेत, तिघांचीही फीचर्सची यादी जवळपास सारखीच, तिघंही छातीठोकपणे म्हणतात नो लॉग, म्हणजे तुम्ही काय करता याची नोंदच ठेवत नाही, तिघंही म्हणतात आम्हीच सगळ्यात फास्ट, मग निवडायचं कशावरून आणि स्पीड किती पडला तर नॉर्मल धरायचा. मी गेली चौदा वर्षं नेटवर्कचंच काम करतो, त्यात ऑफिसांसाठी टनेल, म्हणजे व्हीपीएनचे एन्क्रिप्टेड रस्ते, उभे करणं, ते रात्री-अपरात्री पडले की परत उभे करणं आणि ओळखीतल्या निम्म्या लोकांना "कुठला व्हीपीएन घेऊ रे" याचं उत्तर देणं हे तिन्ही आलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबेल, घाई असेल तर नंतर वाचा.

आधी हे डोक्यात पक्कं करा की व्हीपीएनच्या जाहिरातीत जे काही असतं त्याचे सरळ दोन ढीग पडतात. एका ढिगात तुम्ही स्वतः घरबसल्या तपासू शकता अशा गोष्टी, म्हणजे स्पीड, लीक (टनेलच्या बाहेर माहिती गळते का), किल स्विच (व्हीपीएन तुटला की नेटच बंद करणारी सोय), सर्व्हर सांगितलाय तिथेच आहे का वगैरे. दुसऱ्या ढिगात तुम्ही कितीही डोकं आपटलंत तरी बाहेरून तपासू शकत नाही अशा गोष्टी, म्हणजे सर्व्हरच्या आत काय लिहून ठेवतायत. लोक काय करतात, पहिला ढीग रिव्ह्यू वाचून मान्य करून टाकतात आणि दुसरा वेबसाइटवर लिहिलंय म्हणून. मी पहिला ढीग स्वतः मोजतो, आणि दुसऱ्यासाठी त्या कंपनीचा वाईट दिवस शोधतो, म्हणजे पोलीस दारात आले, कोर्टाचा कागद आला, सर्व्हर हॅक झाला, त्या दिवशी त्यांच्याकडून काय बाहेर पडलं ते.

आणि व्हीपीएन नक्की करतो काय हे पण दोन वाक्यांत, कारण निम्मा गोंधळ इथेच आहे. तुमच्या मशीनपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता एन्क्रिप्ट होतो, आयएसपीला, म्हणजे तुमच्या नेट कंपनीला, फक्त एवढंच कळतं की तुम्ही अमुक एका सर्व्हरशी बोलताय आणि किती डेटा जातोय, आणि समोरच्या साइटला तुमच्याऐवजी त्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिसतो. बस. गुगलला लॉगिन करून बसलात तर गुगलला तुम्ही तुम्हीच, कुकीज त्याच, ब्राउझरचं फिंगरप्रिंट, म्हणजे त्याच्या सेटिंगवरून पटणारी ओळख, तेच. आणि एचटीटीपीएसमुळे पानावरचा मजकूर तसाही आधीच एन्क्रिप्टेड असतो, आयएसपीला कळायची ती साइटची नावं, ती आता व्हीपीएनवाल्याला कळतात. माहिती गायब होत नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, म्हणून तो दुसरा कोण हे बघायचं.

फीचर्सच्या यादीचं म्हणाल तर त्यातलं बरंच नुसतं सजावटीचं असतं. "मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन" म्हणजे एईएस-२५६, जे तुमचा ब्राउझर पण वापरतो, त्याचं कौतुक किती करायचं. सर्व्हर किती हजार आहेत याने पण तुम्हाला काही फरक पडत नाही, तुम्ही रोज वापरणार दोन किंवा तीन, त्या दोन-तीनांवर गर्दी किती हा खरा प्रश्न. डबल व्हीपीएन, म्हणजे दोन सर्व्हरमधून फिरवून नेणं, हे ज्याला खरंच गरज आहे त्याला कळतं की आपल्याला गरज आहे, बाकीच्यांनी चालू केलं की आठवड्याभरात स्लो आहे म्हणून बंद करतात. ॲड ब्लॉकर, पासवर्ड मॅनेजर, डार्क वेब मॉनिटर हे सगळं बंडलात कोंबलेलं असतं आणि वेगळं घेतलेलं साधारण जास्त चांगलं निघतं. स्प्लिट टनेलिंग मात्र कामाचं आहे, बँकेचं ॲप किंवा ऑफिसचा प्रिंटर टनेलच्या बाहेर ठेवता येतो. पण ते तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे का हे बघा, विंडोजवर असतं आणि आयफोनवर नसतं असं सर्रास असतं. आणि जिथे नेटवर्कवरच व्हीपीएन ओळखून अडवतात तिथे ऑबफस्केशन लागतं, म्हणजे टनेलचा ट्रॅफिक साध्या वेब ट्रॅफिकसारखा दिसेल असा करणं. तशा ठिकाणी नसाल तर ते बंदच ठेवा, उगाच स्पीड खातं.

यादीत थांबून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रोटोकॉल, म्हणजे टनेल बांधायची पद्धत. पीपीटीपी कुठे दिसला तर तिथूनच मागे फिरा, त्यातलं एमएस-चॅप-व्ही२, म्हणजे पासवर्ड तपासायची पद्धत, २०१२ मध्ये डेफकॉन परिषदेत जाहीरपणे मोडून दाखवलंय. ओपनव्हीपीएन जुना, चांगला, तपासून घासून निघालेला, पण जड. वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आला, कोड साधारण चार हजार ओळींचा, म्हणजे एखादा माणूस बसून पूर्ण वाचू शकेल एवढा, आणि स्पीडला सध्या त्याच्या जवळपास दुसरं काही नाही. काही कंपन्यांचे स्वतःचे प्रोटोकॉल असतात, त्यांचा कोड उघडा असेल तर ठीक, नसेल तर मी विचारतो की बाबा जगाला दाखवण्यासारखं असताना तुम्ही लपवताय कशाला. वायरगार्डची पण एक खोच आहे ती पुढे लॉगच्या वेळी सांगतो.

आता स्पीड. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण लोक व्हीपीएन लावतात, एकदा स्पीड टेस्ट मारतात आणि स्क्रीनशॉट टाकतात. त्या एका आकड्यात व्हीपीएन किती आणि तुमचं वायफाय किती हे कुणालाच सांगता येत नाही. मी असं करतो की लॅपटॉप केबलने राउटरला जोडतो, आधी व्हीपीएनशिवाय तीनदा टेस्ट, मग लगेच व्हीपीएन लावून जवळच्या सर्व्हरवर तीनदा, मग परत व्हीपीएनशिवाय एकदा, कारण मधल्या वेळात लाइनच हलली असेल तर ते या शेवटच्या टेस्टमध्ये कळतं. तिन्हीतला मधला आकडा धरायचा. आणि हे सगळं सकाळी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला एकदा, कारण सकाळी सात वाजता सगळेच व्हीपीएन फास्ट असतात हो, रात्री सगळे नेटवर बसले की सर्व्हरची खरी लायकी दिसते. मी एकदा एक सर्व्हिस सकाळी तपासली होती, दोनशे एमबीपीएसच्या लाइनवर १८० यायचे, खूश होऊन वर्षाचा प्लॅन घेतला, रात्री तोच सर्व्हर ३५ वर. सपोर्टला लिहिलं तर उत्तर काय, दुसरा सर्व्हर वापरून बघा. पैसे गेले ते गेलेच, तेव्हापासून रात्रीची टेस्ट केल्याशिवाय कार्ड बाहेर काढत नाही.

नॉर्मल किती, तर जवळचा सर्व्हर, वायरगार्ड आणि बऱ्यापैकी नवीन मशीन असेल तर मूळ स्पीडच्या १० ते २० टक्के पडला तर मी काही बोलत नाही. निम्म्यावर आला तर आधी प्रोटोकॉल बघा, ॲपमध्ये "ऑटोमॅटिक" असलं की ते कधीकधी गुपचूप ओपनव्हीपीएन टीसीपीवर जाऊन बसतं (टीसीपी म्हणजे हरवलेला डेटा परत पाठवणारी पद्धत), आणि टीसीपीच्या आत टीसीपी म्हणजे एक पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, हरवलं की आतला पण परत पाठवणार आणि बाहेरचा पण, दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. राउटरवर व्हीपीएन लावला असेल तर तिथला प्रोसेसर बघा, स्वस्तातल्या राउटरवर ओपनव्हीपीएन लावलं की एन्क्रिप्शनमध्येच त्याचा जीव जातो, तिथे व्हीपीएन कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही. आणि गंमत म्हणजे कधीकधी व्हीपीएन लावल्यावर व्हिडिओचा स्पीड वाढतो, तेव्हा समजायचं की आयएसपी तो ट्रॅफिक ओळखून दाबत होता किंवा त्यांचा त्या साइटकडे जाणारा रस्ता गर्दीचा होता.

डाउनलोडच्या आकड्यापेक्षा मला पिंग (सर्व्हरला हाक मारली की उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात तो आकडा) आणि त्याची धरसोड जास्त महत्त्वाची वाटते. व्हिडिओ कॉलला ५ एमबीपीएस पण पुरतात पण पिंग २० वरून २०० वर उड्या मारत असेल तर समोरच्याचा आवाज रोबोटसारखा येतो. म्हणून व्हीपीएन लावून पाच-दहा मिनिटं पिंग चालू सोडायचा, त्याच वेळी दुसरीकडे मोठी फाइल डाउनलोडला लावायची, आणि किती पॅकेट हरवली आणि सगळ्यात वाईट आकडा किती ते लिहून ठेवायचं.

अजून एक लक्षण सांगतो कारण यात माझे दोन दिवस गेले होते. व्हीपीएन लागतो, पिंग मस्त, छोट्या साइट्स उघडतात, पण काही साइट्स अर्ध्या उघडून गोल गोल फिरत राहतात, मेलला मोठी अटॅचमेंट जातच नाही. हे स्पीडचं नाही, एमटीयूचं, म्हणजे एक पॅकेट जास्तीत जास्त किती बाइटचं असू शकतं त्याचं, दुखणं आहे. टनेल प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टण चढवतो, वायरगार्ड त्यासाठी १५०० मधले ८० बाइट बाजूला ठेवून १४२० धरून चालतो, पण तुमची लाइन पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने जोडणारी ब्रॉडबँडची पद्धत) असेल तर मुळात १४९२ च मिळतात, मग मोठं पॅकेट दारात अडकू शकतं आणि कुणी सांगतही नाही की अडकलं. ॲपमध्ये एमटीयू बदलता येत असेल तर १२८० टाकून बघा, सगळं धडाधड उघडायला लागलं की कारण सापडलं, मग हळूहळू वर न्या. ज्या ॲपमध्ये हे सेटिंगच नाही आणि सपोर्टला एमटीयू म्हटल्यावर ते कॅशे क्लिअर करा सांगतात, त्यांचा मी एक मार्क कापतो.

सर्व्हर खरंच तिथे आहे का हे बघायची युक्ती मला फार आवडते कारण यात खोटं बोलताच येत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन परत यायला कमीत कमी १० मिलिसेकंद, प्रत्यक्षात केबल वाकडीतिकडी जाते म्हणून जास्तच. आता ॲप म्हणतंय हा सर्व्हर सहा हजार किलोमीटर लांबच्या देशात आहे, तर ६० च्या खाली पिंग येणं शक्यच नाही. व्हीपीएन बंद करून त्या सर्व्हरच्या आयपीला पिंग मारा, १८ आला तर तो सर्व्हर तुमच्या शेजारीच कुठेतरी बसलाय आणि त्याला फक्त त्या देशाचा आयपी चिकटवलाय. याला व्हर्च्युअल लोकेशन म्हणतात आणि ते वाईटच असतं असं नाही, सांगून केलं तर. भारतात सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी ५ वर्षं जपून ठेवायचे, तेव्हा एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर काढून टाकले, आणि एक्स्प्रेसव्हीपीएनने जाहीर सांगून सिंगापूर आणि ब्रिटनमधून भारताचा आयपी द्यायला सुरुवात केली. यात लपवाछपवी नव्हती. न सांगता करणाऱ्यांचं काय समजायचं ते तुम्ही ठरवा.

आता लीक. व्हीपीएन लावला, "प्रोटेक्टेड" असं हिरवं आलं, म्हणजे झालं असं नसतं. आधी व्हीपीएन बंद असताना तुमचा आयपीव्ही४, आयपीव्ही६ (आयपीचे जुना आणि नवा असे दोन प्रकार) आणि कुठला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सेवा) वापरला जातोय ते कागदावर लिहून घ्या. मग व्हीपीएन लावून परत तेच बघा, डीएनएस लीक टेस्टमध्ये एक्स्टेंडेड की काय असते ती मोठी टेस्ट मारा, छोटीवर समाधान मानू नका. यादीत तुमच्या आयएसपीचं नाव एकदा जरी दिसलं तर लीक आहे. आयपीव्ही६ सगळ्यात जास्त निसटतो, कारण बरेच व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ टनेलमध्ये घालतात आणि आयपीव्ही६ ला विसरतात, निदान तो बंद तरी करायला हवा. मग वेबआरटीसीची टेस्ट, त्यात व्हिडिओ कॉलसाठी ब्राउझर स्वतःहून आयपी गोळा करतो त्यातून खरा पत्ता बाहेर पडू शकतो. आणि ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस चालू असेल तर तो व्हीपीएनच्या डीएनएसला बाजूला सारून स्वतःच्या ठिकाणी विचारतो, टेस्टमध्ये भलतंच नाव दिसलं तर लगेच घाबरू नका, आधी ते सेटिंग बघा.

हे नुसतं थिअरीतलं नाहीये. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप्स तपासली होती, त्यात १८ टक्के ॲप्स ट्रॅफिक एन्क्रिप्टच करत नव्हती, ८४ टक्क्यांतून आयपीव्ही६ गळत होता आणि ६६ टक्क्यांतून डीएनएस. म्हणजे ज्या एका कामासाठी ॲप टाकलं तेच काम ते करत नव्हतं. जुना आकडा आहे, तेव्हापासून चांगली ॲप्स सुधारली पण स्टोअरमध्ये पहिल्या वीस रिझल्टमध्ये काय काय येतं ते बघा एकदा.

किल स्विच हा माझा सगळ्यात आवडता पेपर, बहुतेक जण इथे नापास होतात. टेस्ट करायची म्हणून लोक ॲपमधलं डिस्कनेक्ट बटण दाबतात आणि म्हणतात नेट चालू राहिलं, किल स्विच खराब. अहो ते तुम्ही स्वतः बंद केलंत, तेव्हा नेट चालू राहणं बऱ्याच ॲप्समध्ये मुद्दामच ठेवलेलं असतं. खरी टेस्ट अशी की एका खिडकीत सतत पिंग चालू ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये जाऊन व्हीपीएनची प्रोसेस मारा, नुसती वरची खिडकी नाही, मागची सर्व्हिससुद्धा. पिंग तिथेच थांबला पाहिजे. एकही उत्तर आलं तर ते तुमच्या खऱ्या आयपीवरून गेलेलं आहे. मग लॅपटॉप झोपवून उठवा, वायफायवरून मोबाइल हॉटस्पॉटवर उडी मारा, सर्व्हर बदला, आणि शेवटी मशीन रीस्टार्ट करून लॉगिन झाल्या झाल्या व्हीपीएन लागायच्या आधीच्या त्या दहा-पंधरा सेकंदांत नेट चालतंय का बघा. एका नावाजलेल्या सर्व्हिसचं ॲप बाकी सगळं पास झालं आणि सर्व्हर बदलताना बरोबर दोन पिंग बाहेर गेले, दोनच, पण टॉरंट चालू असेल तर दोन सेकंदांत काय जायचं ते जातं. जी ॲप्स किल स्विच फायरवॉलच्या नियमांतून करतात ती इथे टिकतात, जी नुसतं "कनेक्शन तुटलं का" हे बघत बसतात ती नाही टिकत.

फोनवर ॲपच्या किल स्विचवर विसंबू नका, अँड्रॉइडच्या सेटिंगमध्येच ऑलवेज-ऑन व्हीपीएन आणि त्याच्याखाली व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा असं आहे ते दोन्ही चालू करा. आयफोनवर व्हीपीएन लावायच्या आधीपासून चालू असलेली कनेक्शन्स टनेलच्या बाहेर तशीच राहू शकतात, हे प्रोटॉन या व्हीपीएन कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. म्हणून व्हीपीएन लावला की एअरप्लेन मोड चालू-बंद करायचा, खात्रीचा इलाज नाही पण बरं. आणि मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन नावाचा हल्ला समोर आला, त्यात तुम्ही ज्या वायफायवर आहात तिथला डीएचसीपी सर्व्हर (मशीनला आयपी वाटून देणारा) ऑप्शन १२१, म्हणजे ट्रॅफिकचे रस्ते ठरवणारं सेटिंग, वापरून तुमच्या मशीनला सांगतो की ट्रॅफिक टनेलमधून नको, माझ्याकडून ने, आणि ॲप वर कनेक्टेडच दाखवतं. अँड्रॉइड हा ऑप्शन पाळतच नाही म्हणून वाचला. शॉर्टलिस्टमधल्या तिघांनी यावर काय लिहिलं होतं ते शोधून वाचा, कुणी नेमकं कुठल्या सिस्टिमवर अडचण आहे ते लिहिलंय आणि कुणी "आमचे युजर सुरक्षित आहेत" एवढंच म्हणून सुटलंय त्यावरून बरंच कळतं.

आता दुसरा ढीग, लॉगचा. "नो लॉग" या शब्दांना काही ठरलेला अर्थ नाही हे आधी समजून घ्या. तुम्ही कुठल्या साइट बघितल्या ते न लिहिणं एक, आणि तुम्ही कुठल्या आयपीवरून किती वाजता आलात, किती वाजता गेलात हे न लिहिणं वेगळंच. पहिलं लिहीत नाही म्हणून कंपनी स्वतःला नो लॉग म्हणवते आणि दुसरं आरामात लिहून ठेवते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका केसमध्ये एफबीआयने प्युअरव्हीपीएनकडून रेकॉर्ड मिळवले, एकच खातं आरोपीच्या घरच्या आणि ऑफिसच्या आयपीवरून वापरलं गेल्याचं त्यातून जुळलं, आणि वेबसाइटवर तेव्हा नो लॉगच लिहिलेलं. आरोपी सज्जन नव्हता, पकडला गेला ते चांगलंच झालं, पण वेबसाइटवरचा शब्द आणि सर्व्हरवरची वस्तुस्थिती यात केवढं अंतर ते कळलं. नंतर त्यांनी पॉलिसी बदलली, ऑडिटही करून घेतलं.

याच्या उलट पण उदाहरणं आहेत. रशियाच्या तुर्कस्तानातल्या राजदूताची डिसेंबर २०१६ मध्ये हत्या झाली त्या तपासात तिथल्या यंत्रणेने एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हरच उचलून नेला, त्यात कामाचं काही सापडलं नाही. प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस या व्हीपीएनकडे २०१६ मध्ये एफबीआयची नोटीस आली तेव्हा ते फक्त एवढंच सांगू शकले की हे आयपी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे आहेत. १८ एप्रिल २०२३ ला स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन मुलव्हाड या व्हीपीएन कंपनीच्या गॉथेनबर्गच्या ऑफिसात गेले आणि ग्राहकांचा डेटाच नाही हे पटल्यावर रिकाम्या हाताने परत आले. मला विचाराल तर शंभर ब्लॉगपोस्टपेक्षा अशी एक घटना भारी.

ऑडिट पण बघतोच, पण "ऑडिटेड" एवढा शिक्का बघून नाही. कशाचं ऑडिट, ॲपच्या कोडचं की सर्व्हरचं की नुसतं पॉलिसीचा कागद वाचून सही केली, कुठल्या वर्षी, आणि पूर्ण रिपोर्ट वाचायला मिळतो का. क्युअर५३ सारखे लोक कोड उघडून चुका काढतात आणि रिपोर्ट बाहेर येतो, ज्यात दोन-चार चुका सापडल्याचं लिहिलेलं असतं तो मला जास्त खरा वाटतो. मोठ्या अकाउंटिंग फर्मची नो लॉगवरची तपासणी म्हणजे त्या ठरावीक दिवसांत बघितलं तेव्हा सेटिंग पॉलिसीप्रमाणे होतं, एवढंच. दरवर्षी करतायत का हे महत्त्वाचं. रॅमवर चालणारे सर्व्हर चांगलेच, प्लग काढला की सगळं पुसलं जातं, पण चालू असताना रॅममध्ये माहिती असतेच हे विसरू नका.

आणि वायरगार्डची खोच म्हणालो होतो ती हीच. वायरगार्डच्या सर्व्हरला तुमची की (एन्क्रिप्शनची किल्ली), तुमचा शेवटचा आयपी आणि शेवटच्या हँडशेकची, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखल्याची, वेळ मेमरीत ठेवावीच लागते, आणि तुम्ही गेल्यावरही तो ते आपोआप पुसत नाही. म्हणजे प्रोटोकॉल जसाच्या तसा लावला तर नो लॉग म्हणणं अवघडच. यावर प्रत्येकाने आपापला तोडगा काढलाय, नॉर्डने डबल नॅट करून, म्हणजे आयपी दोनदा बदलून, नॉर्डलिंक्स बनवलं, मुलव्हाड काही मिनिटं हालचाल नसली की ती नोंद काढून परत घालतं. सपोर्टला एकच मेल टाका की वायरगार्डमध्ये मी डिस्कनेक्ट झाल्यावर माझा एंडपॉइंट आयपी, म्हणजे माझा खरा आयपी, सर्व्हरवर किती वेळ राहतो. मी हा प्रश्न आजवर सात-आठ कंपन्यांना विचारलाय, दोघांनी नीट तांत्रिक उत्तर दिलं, एकाने इंजिनिअरला विचारून तीन दिवसांनी दिलं, तेही चालेल, बाकीच्यांनी नो लॉग पॉलिसीची लिंक चिकटवली.

सर्व्हर कुणाचे हे पण विचारा. नॉर्डव्हीपीएनचा फिनलंडमधला भाड्याचा एक सर्व्हर मार्च २०१८ मध्ये फोडला गेला, डेटा सेंटरने रिमोट मॅनेजमेंटचं एक दार उघडं ठेवलं होतं तिथून, आणि जगाला ते कळलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. त्यानंतर त्यांनी बऱ्याच गोष्टी सुधारल्या हे मान्य, पण मधले ते महिने माझ्या लक्षात राहिले. सर्व्हर हॅक होणं समजू शकतो, कुणाचाही होईल, सांगायला वेळ किती लावला ते मी बघतो.

मालक कोण, हे तर बघाच. केप टेक्नॉलॉजीजकडे सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ पासून एक्स्प्रेसव्हीपीएन, तिन्ही आहेत. नॉर्ड आणि सर्फशार्क २०२२ मध्ये एकाच छत्राखाली आले. म्हणजे तुमच्या शॉर्टलिस्टमधल्या तीन नावांचे मालक कदाचित दोनच निघतील. आणि याच केपने २०२१ मध्ये व्हीपीएनमेंटर आणि विझकेस या रिव्ह्यू साइट्स चालवणारी कंपनी पण विकत घेतली, आता रिव्ह्यूत पहिला नंबर कुणाचा येणार याचा अंदाज तुम्हीच बांधा. बाकीच्या रिव्ह्यू साइट्सपैकी बहुतेक कमिशनवर चालतात, लिंकवरून घेतलंत की त्यांना पैसे. सगळे खोटं लिहितात असं नाही म्हणत, पण "दहा बेस्ट व्हीपीएन" मध्ये कमिशन न देणारा मुलव्हाड इतक्यांदा का नसतो ते बघा म्हणजे कळेल.

फुकटवाल्यांबद्दल फार लिहीत नाही. फेसबुकने २०१३ मध्ये घेतलेला ओनाव्हो हा फुकट व्हीपीएन लोक काय वापरतात याची माहिती फेसबुकलाच पुरवत होता, कुंपणच शेत खात होतं, २०१८ मध्ये ॲपलच्या स्टोअरमधून तो गेला. होला २०१५ मध्ये युजरांचंच नेट दुसऱ्यांना विकताना सापडला. २०२० मध्ये हाँगकाँगच्या सात फुकट व्हीपीएनचा १.२ टेराबाइटचा डेटा उघड्या सर्व्हरवर पडलेला सापडला आणि त्या सगळ्यांचा दावा झिरो लॉगचाच. पैसे देणाऱ्यांच्या जिवावर चालणारा मर्यादित फुकट प्लॅन, जसा प्रोटॉनचा आहे, तो वेगळा, तो चालेल.

कंपनी कुठल्या देशात आहे यावर लोक तासन् तास वाद घालतात, फाइव्ह आइज (गुप्त माहिती वाटून घेणारे पाच देश) वगैरे. मी त्याला एवढं महत्त्व देत नाही, ठेवलेलंच नाही ते कुठलंच कोर्ट मागू शकत नाही आणि ठेवलेलं असेल तर कुठल्याही देशात मिळतं. त्यापेक्षा साइन-अपला काय काय मागतात ते बघा. मुलव्हाड नुसता एक नंबर देतं, ईमेल पण मागत नाही. बाकीचे ईमेल तरी मागतातच, पण एखादा फोन नंबर मागत असेल, ॲपला कॉन्टॅक्टची परमिशन हवी असेल, तर प्रायव्हसी पॉलिसी वाचायचे कष्टच घेऊ नका. ॲपमध्ये किती ट्रॅकर भरलेत ते एक्सोडस प्रायव्हसी या साइटवर ॲपचं नाव टाकून दोन मिनिटांत दिसतं.

तर तुमच्या तिघांचं असं करा. आधी मालक, वाईट दिवस आणि तो वायरगार्डवाला मेल, यात एखादा आपोआप गळेल. उरलेल्यांचे एकेक महिन्याचेच प्लॅन घ्या, दोन-तीन वर्षांची सवलत कितीही लाल अक्षरात लुकलुकत असली तरी, आणि लाइफटाइमच्या तर नादीच लागू नका, व्हीपीएनसिक्युअर विकली गेल्यावर नव्या मालकाने २०२५ मध्ये जुनी लाइफटाइम खाती सरळ बंद करून टाकली. घेतल्या दिवशीच ऑटो रिन्यूअल बंद करा. पहिल्या आठवड्यात लीक आणि किल स्विच, मग रात्रीचा स्पीड, मग रोजच्या कामात बँक, ऑफिसचं लॉगिन, व्हिडिओ, कॅप्चा किती वेळा येतो ते. स्पीडमध्ये १० टक्के मागे असलेला पण किल स्विचमध्ये एकही पिंग न सोडणारा मी डोळे झाकून घेईन.

आणि नापास झालेला काढून टाकताना आधी त्याचा किल स्विच बंद करा, मग अनइन्स्टॉल करा. नाहीतर ॲप जातं, फायरवॉलचे नियम मागे राहतात आणि नेट बंद, मग तुम्ही रात्रभर आयएसपीला फोन लावत बसता. झालंच तर नेटवर्क सेटिंगमध्ये त्याचा व्हर्च्युअल ॲडॉप्टर उरलाय का आणि डीएनएस परत ऑटोमॅटिकवर आलाय का तेवढं बघा.